मेटफॉर्मिनची फुगणारी गोळी: दुसरा पॉलिमर कधी आणि कशासाठी मिसळायचा

प्रश्न असा आला आहे. मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड या मधुमेहावरच्या औषधाची ५०० मिलिग्रॅमची, औषध सावकाश सोडणारी गोळी करायची आहे. गोळीचे वजन साधारण १ ग्रॅम, त्यात एचपीएमसी के१००एम, म्हणजे पाण्यात फुगून जेल होणारा पॉलिमर, ३० टक्के. पीएच ६.८ च्या बफरमध्ये, म्हणजे आतड्यासारख्या द्रावणात, पहिल्या तासाला ४५ टक्के औषध बाहेर येते, तिसऱ्या तासाला ६० आणि दहाव्याला ८८. हवे आहेत अनुक्रमे ३०, ५२ आणि ९५ च्या आसपास. पॉलिमर ४० टक्के करून पाहिला तर ३८, ५२ आणि ८० आले. सुरुवातीचे थोडे सावरले, शेवटचे बिघडले. गाइड म्हणतात सोडियम अल्जिनेट मिसळा, सहकारी म्हणतो झँथन गम घाल, एका शोधनिबंधात सोडियम सीएमसी (सोडियम कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज) वापरले आहे; तिन्ही फुगणारे पॉलिमरच. "यातला कोणता घेऊ, कोणत्या गुणोत्तरात, आणि झीरो ऑर्डर, म्हणजे औषध सारख्याच गतीने सुटणे, मिळेल का?"

गुणोत्तराकडे येतेच. त्याआधी तुमचेच आकडे जरा वेगळ्या तऱ्हेने वाचू, कारण खरी अडचण त्यात उघडी पडली आहे.

पाण्यात सहज विरघळणारे औषध फुगलेल्या मॅट्रिक्समधून (औषध आणि पॉलिमरच्या एकजीव गोळ्यातून) बाहेर पडते ते बरेचसे वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. टाकेरू हिगुची यांनी १९६१ साली मलमातून औषध कसे पाझरते यासाठी हे गणित मांडले, पुढे ते गोळ्यांनाही लावले गेले. एका तासाचे वर्गमूळ १, तीन तासांचे १.७३, दहा तासांचे ३.१६. तुमच्या ३० टक्केवाल्या बॅचमध्ये पहिल्या आणि दहाव्या तासांत ४३ टक्क्यांचा फरक आहे आणि वर्गमुळांत २.१६ चा. भागाकार १९.९. म्हणजे पहिल्या तासाला आलेल्या ४५ टक्क्यांपैकी जेमतेम २० टक्के जेलमधून पाझरून आले; उरलेले २५ टक्के जेल बसण्याआधीच निसटले. या २५ ला मी उसळी म्हणते आणि १९.९ ला चाल. ताळा करून पाहा: तिसऱ्या तासाला २५ अधिक १.७३ गुणिले १९.९, म्हणजे ५९.५. तुमचा आकडा ६० आहे.

आता ४० टक्केवाली बॅच. चाल १९.४, उसळी १८.६. इतका पॉलिमर वाढवून चाल जवळजवळ जागच्या जागी राहिली, उसळी सहाएक टक्क्यांनी उतरली. आणि तुम्हाला हवी असलेली रेघ? ३० पासून ९५ पर्यंत जायचे तर चाल ३० हवी आणि उसळी शून्य.

इथे थोडे थांबा. पहिल्या तासाचा आकडा जास्त दिसला म्हणून तुम्ही आणि तुम्हाला सल्ला देणारे सगळे जेल आणखी घट्ट करण्याच्या मागे आहात. प्रत्यक्षात तुमचा जेल हवा त्यापेक्षा घट्ट आहे, फक्त तो उशिरा बसतो. तुम्हाला सैल जेल हवा आहे, पण पाण्यात पडल्यापडल्या तयार होणारा. दुसरा पॉलिमर निवडायचा तो या कामासाठी. तीन बिंदूंवरून काढलेले हे गणित ढोबळ आहे हे मान्य. पुढच्या वेळी पाव, अर्धा, दोन, चार, सहा आणि आठ तासांचे नमुनेही काढा, म्हणजे उसळी पहिल्या १५ मिनिटांत येते की तासभर रेंगाळते ते कळेल.

गोळीत काय चालले आहे ते पाहायला मोठे उपकरण लागत नाही. एक जादा गोळी चाचणीच्या भांड्यात सोडा, १५ मिनिटांनी चिमट्याने काढा आणि बोटात धरा. जेल बसला असेल तर ती भेंडी चिरल्यावर बोटाला लागते तशी बुळबुळीत लागते आणि बोट उचलले की बारीक तार येते. बसला नसेल तर पृष्ठभाग खरखरीत, दाणेदार लागतो. तिरप्या उजेडात धरली तर सुईने टोचल्यासारखे खळगे दिसतात. त्या प्रत्येक खळग्यात काही मिनिटांपूर्वी मेटफॉर्मिन होते. चार तासांनी दुसरी गोळी काढून सर्जिकल ब्लेडने आडवी कापा. अर्धवट शिजलेल्या साबुदाण्यासारखे दृश्य दिसते: बाहेर पारदर्शक कडा, मधे पांढरा कोरडा गाभा. कडा किती मिलिमीटर आणि गाभा किती, हे व्हर्नियरने मोजून वहीत लिहा. गोळी जाडीत जास्त फुगते, रुंदीत कमी. गोळी दाबणाऱ्या यंत्राच्या पंचाने ज्या दिशेने दाबलेली असते त्याच दिशेने ती सुटते. तेव्हा दोन्ही मापे हवीत.

या कापलेल्या गोळीत तीन सीमा सरकत असतात. आत शिरणारी पाण्याची सीमा, औषध विरघळलेल्या भागाची सीमा, आणि सर्वांत बाहेर जेल झिजून जाण्याची सीमा. पाणी आत जाते त्याच वेगाने बाहेरून झीज झाली तर मधल्या जेलची जाडी टिकून राहते आणि औषध सारख्या गतीने सुटते. झीज मंद असली तर जेल जाड होत जातो, औषधाचा रस्ता लांबतो आणि वक्र वाकतो. के१००एम इतका चिवट आहे की दहा तासांत तो फारसा झिजत नाही. तुमचे ८८ आणि ८० इथे अडकतात.

झीरो ऑर्डरबद्दल स्पष्टच सांगते: त्याच्या मागे लागू नका. मेटफॉर्मिन एका मिलिलिटर पाण्यात ३०० मिलिग्रॅमहून जास्त विरघळते, म्हणजे गोळीतला सगळा डोस विरघळायला दोन मिलिलिटरसुद्धा पाणी लागत नाही. असे औषध झिजेची वाट पाहत बसत नाही, जेलमधून वाट काढून पाझरतेच. शिवाय तुम्हाला हवे असलेले ३०, ५२, ९५ हे आकडे वर्गमुळाच्या रेघेवर नेमके बसतात, सरळ रेघेवर बसत नाहीत. आणि हे औषध मुख्यतः लहान आतड्याच्या वरच्या भागात शोषले जाते. चौदा-सोळा तास सरळ रेघेत सोडले तर शेवटचा हिस्सा मोठ्या आतड्यात वाया जाईल. ज्यांची विरघळण्याची क्षमता कमी आहे अशा औषधांत झीज राज्य करते, तिथे झीरो ऑर्डरजवळ जाता येते.

जाता जाता, कोर्समायर-पेपास समीकरणातला घातांक 'एन' काढून प्रबंधात लावायचा मोह आवरा. दंडगोल गोळीसाठी तो ०.४५ म्हणजे पाझर, ०.८९ म्हणजे फुगणे-झिजणे, मधला म्हणजे दोन्ही, आणि तोही वक्राच्या पहिल्या ६० टक्क्यांपर्यंतच काढायचा असतो. तुमच्या आकड्यांवरून तो ०.२६ येतो. ०.४५ च्या इतक्या खालच्या आकड्याला यंत्रणेचे नाव नसते. उसळीने गणित वाकवले आहे एवढाच त्याचा अर्थ. मी परीक्षक म्हणून असे आकडे टेबलात मांडून खाली "फिकियन डिफ्यूजन", म्हणजे नुसता पाझर, असे लिहिलेले प्रबंध पाहिले आहेत. कापलेल्या गोळीचा एक फोटो त्या टेबलापेक्षा जास्त सांगून जातो.

आता मिसळण्याकडे. सर्वांत साधी जोडी एकाच घरातल्या दोघांची: एचपीएमसीचीच दोन ग्रेड. पाण्यातल्या २ टक्के द्रावणाची नाममात्र व्हिस्कॉसिटी (दाटपणा) के१००एलव्हीची १००, के४एमची ४,०००, के१५एमची १५,००० आणि के१००एमची १,००,००० मिलिपास्कल-सेकंद असते. अर्धे-अर्धे मिसळले तर सरासरी ५०,००० येईल असे वाटते, पण पॉलिमर असे मिसळत नाहीत. प्रत्येक व्हिस्कॉसिटीचे आठवे मूळ काढायचे, त्यांची वजनानुसार सरासरी घ्यायची आणि तिचा आठवा घात करायचा. १०० चे आठवे मूळ १.७८, एक लाखाचे ४.२२, सरासरी ३.००, आठवा घात साधारण ६,५००. म्हणजे के१००एम आणि के१००एलव्ही निम्मे-निम्मे घेतले की हातात येतो तो के४एमचा जरा मोठा भाऊ. हे माहीत नसल्याने नवीन माणूस "थोडा एलव्ही घालून पाहू" म्हणतो आणि गोळी सहा तासांत रिकामी झाली की गोंधळतो.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. व्हिस्कॉसिटी एका मर्यादेपलीकडे गेली की औषध सुटण्यावर तिचा परिणाम उरत नाही. के४एमपासून के१००एमपर्यंतचे वक्र कित्येकदा एकमेकांवर बसतात, वेगळा पडतो तो के१००एलव्ही. तेव्हा चाल वाढवायची तर के१००एमऐवजी के१५एम घेऊन काही हलणार नाही, एलव्हीचा वाटा द्यावा लागेल. पण एकाच घरातल्या जोडीने चाल बदलते, उसळी फारशी नाही. उसळीचा संबंध पॉलिमर किती लवकर भिजतो याच्याशी असतो आणि ते बरेचसे कणांच्या आकारावर ठरते. तुमचा के१००एम सीआर ग्रेडचा आहे का, हे प्रश्नात नाही. सीआर म्हणजे बारीक दळलेला, ज्याचा ९० टक्क्यांहून जास्त भाग १०० मेशच्या चाळणीतून जातो. साधा जाडसर लॉट वापरत असाल तर दुसरा पॉलिमर शोधण्याआधी तो बदला. माझ्याकडे एकदा सगळी जुळवाजुळव होऊन गेल्यावर एचपीएमसीचा नवा लॉट आला आणि पहिल्या तासाचा आकडा एकदम दहाएक टक्क्यांनी चढला. सर्टिफिकेटवर व्हिस्कॉसिटी तंतोतंत तीच होती. चाळणी लावली तेव्हा कळले की लॉट जाड होता.

दुसरी जोडी म्हणजे तटस्थ पॉलिमरला ऋण भाराचा पॉलिमर देणे. तुमच्या शोधनिबंधातले सोडियम सीएमसी याच जातीचे, आणि तुमच्या अडचणीला मला तेच सर्वांत जवळचे वाटते. त्याची कारणे तीन. ते एचपीएमसीपेक्षा लवकर पाणी ओढते, त्यामुळे दार लवकर बंद होते. दोघांच्या साखळ्यांमध्ये हायड्रोजन बंध तयार होतात आणि मिश्रण सुरुवातीला अपेक्षेपेक्षा दाट होते. आणि मेटफॉर्मिन पोटापासून आतड्यापर्यंत सगळीकडे धन भाराचे असते, सीएमसी ऋण भाराचे, त्यामुळे सुटू पाहणारे औषध थोडे धरून ठेवले जाते. पुढे सीएमसी एचपीएमसीपेक्षा सहज झिजते, म्हणजे शेवटच्या तासांत गोळी बारीक होत जाते आणि शेपूट अडकत नाही. पुढे दार लवकर लावणारा आणि मागे वाट मोकळी करणारा असा हा गडी आहे. अमेरिकेत २००० साली मंजूर झालेल्या ग्लुकोफेज एक्सआर या मूळ ब्रँडच्या माहितीपत्रकात सोडियम कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज आणि हायप्रोमेलोज, म्हणजे आपले एचपीएमसीच, ही दोन्ही नावे सापडतील.

पण एक मोठा "पण" आहे. सीएमसीचा हा सगळा गुण ६.८ पीएचला दिसतो. आम्लात त्याचा भार जातो आणि पीएच २ च्या खाली ते द्रावणातून चक्क बाहेर पडते. तुम्ही चाचणी फक्त बफरमध्ये केली आहे. रुग्ण ती गोळी आधी पोटात टाकणार आहे. ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात दोन तास आणि मग बफर, पीएच ४.५ च्या ॲसिटेटमध्ये एकदा आणि पूर्ण वेळ ६.८ मध्ये एकदा, असे तीन वक्र काढल्याशिवाय सीएमसीच्या वाट्याचा निर्णय घेऊ नका. वाटा वाढवत गेलात की आम्लातला पहिला तास बिघडायला लागतो. तो कुठे बिघडतो हे तुमच्या ग्रेडवर, सीएमसीच्या व्हिस्कॉसिटीवर आणि गोळीच्या आकारावर अवलंबून आहे. माझ्या हातून झालेल्या कामात एकूण पॉलिमरच्या चौथ्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत सीएमसी सुखाने नांदले, निम्म्यावर गेले की आम्लात कडा फुटू लागल्या.

तुमच्या गाइडनी अल्जिनेट सुचवले ते निराधार नाही, फक्त ते वेगळ्या रोगाचे औषध आहे. सोडियम अल्जिनेट आम्लात अल्जिनिक ॲसिड होते, विरघळत नाही, रबरी साल धरते. आतड्याच्या पीएचला पुन्हा फुगते आणि झिजते. व्हेरापामिलसारखे रक्तदाबाचे औषध आम्लात भरपूर विरघळते आणि आतड्यात कमी, तिथे ही उलटी चाल कामाची आहे: औषध कंजूष होते तेव्हा पॉलिमर उदार होतो. मेटफॉर्मिनला पीएचचे काहीच सोयरसुतक नाही. तुमच्या गोळीत अल्जिनेट जास्त घातले तर आम्लात ती साल गोळीच्या कमरेवर तडकते, त्या भेगेतून पाणी शिरते आणि उसळी वाढते. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. अर्ध्या तासात गोळी शिंपल्यासारखी उघडते.

झँथन गम उसळी मारायला उत्तम. लवकर भिजतो, आम्लात अल्जिनेटसारखा कोसळत नाही आणि ५ ते १० टक्क्यांतही पुरे पडतो. अडचण अशी की त्याचा जेल कणखर असतो, म्हणजे चाल आणखी उतरेल, आणि तुमची आधीच कमी आहे. झँथन घ्यायचा तर सोबत के१००एमचा काही भाग एलव्हीने बदलावा लागेल. शिवाय माध्यमात क्षार जास्त असले की तो कमी फुगतो, आणि आंबवून केलेला पदार्थ असल्याने सूक्ष्मजीव चाचणी प्रत्येक लॉटला मनापासून करावी लागते. कार्बोपॉल या आणखी एका पॉलिमरवर वेळ घालवू नका. आम्लात अर्धवट फुगतो आणि धुळीने माणसे हैराण होतात. इथाइल सेल्युलोज औषधाच्या दाण्यावरच बसवून बाहेरून एचपीएमसी देणे हा पाण्यात फार विरघळणाऱ्या औषधांचा खात्रीचा रस्ता आहे, पण आयसोप्रोपिल अल्कोहोल, त्याची ज्वलनशीलता आणि उरलेल्या सॉल्व्हंटची चाचणी हे सगळे मागे येते. वरचे उपाय हरले तरच तिकडे वळा.

इथवरचे सार: तुमची उसळी २५ आहे आणि शून्याजवळ हवी, चाल २० आहे आणि ३० हवी. उसळीसाठी बारीक ग्रेड आणि लवकर भिजणारा जोडीदार. चालीसाठी झिजणारा जोडीदार किंवा एलव्हीचा वाटा. सीएमसी दोन्ही बाजूंना थोडे-थोडे करते, म्हणून आधी तेच.

ते घालायचे कुठे, यावरही अर्धा निकाल अवलंबून असतो. मेटफॉर्मिन सुईसारख्या कणांचे, दाबले की टोपी उडवणारे (गोळीचा वरचा थर सुटवणारे) औषध, त्यामुळे तुम्ही बहुधा आरएमजीमध्ये (दाणे करणाऱ्या मिक्सरमध्ये) पीव्हीपी हे बांधणीचे द्रव्य घालून दाणा करत असाल आणि एचपीएमसी बाहेरून कोरडे मिसळत असाल. तसे असेल तर गोळीच्या पृष्ठभागावर अख्खा दाणा उघडा असतो आणि त्यात औषधच औषध, पॉलिमर नाही. तो दाणा पाण्यात विरघळतो तेव्हा जेलला विचारत नाही. थोडे सीएमसी दाण्याच्या आत द्या, बांधणीचे कामही तेच करते, आणि एचपीएमसी बाहेर ठेवा. मी केलेल्या एका कामात नुसता हा बदल, तोच घटक तितक्याच वजनाने आत नेण्याचा, पहिल्या तासाचे सहा-सात टक्के वाचवून गेला. एचपीएमसी आत घालायचे असेल तर पाणी बारीक फवाऱ्याने आणि सावकाश. भसकन ओतलेत तर पिठल्यात होतात तशा गुठळ्या होतील आणि त्या मिलमध्येही फुटणार नाहीत.

आता माझ्या एका फजितीची गोष्ट, कारण ती तुमच्याकडेही घडू शकते. अशाच एका गोळीत सहा भांड्यांपैकी दोन नेहमी मागे पडत. मी तीन आठवडे पॉलिमर बदलत राहिले. शेवटी एका संध्याकाळी भांड्यासमोर बसून राहिले तेव्हा दिसले की त्या दोन गोळ्या फुगून तळाला चिकटल्या आहेत, एक बाजू काचेला बंद. फॉर्म्युलात दोष नव्हताच. मग सिंकर, म्हणजे गोळीभोवतीचा तारेचा पिंजरा, लावला, तर तारेचा वेढा इतका आवळ होता की फुगलेला जेल तारांमधून शेवयांसारखा बाहेर यायला लागला आणि आकडे उलट वर गेले. गोळी पूर्ण फुगल्यावरचे माप घेऊन सिंकर सैल करून घेतला, तेव्हा सहाही भांडी एका ओळीत आली. तुमच्या ८८ आणि ८० मागे असे काही नाही ना, ते आधी पाहा. सहा भांड्यांचे आकडे सुटे-सुटे लिहा, सरासरीत हे लपते.

आणि पावसाळा. सोडियम सीएमसी हवेतले पाणी भराभर पिते. मोनोग्राफमध्येच (औषधसंहितेतल्या त्याच्या मानकात) सुकवल्यावरची घट १० टक्क्यांपर्यंत चालते. म्हणजे तुम्ही ८० मिलिग्रॅम तोलता तेव्हा त्यात ८ मिलिग्रॅम पाणी असू शकते, कागदोपत्री सगळे बरोबर असताना. कोकणपट्टीतल्या एका कारखान्यात जुलै महिन्यात आमचे ब्लेंड रात्रभर सैल बांधलेल्या पिशवीत राहिले. सकाळी पंचाला चिकटायला लागले, वजन वर-खाली, आणि दुपारपर्यंत ऑपरेटर दर दहा मिनिटांनी पंच पुसत होता. जानेवारीत केलेल्या तीन बॅचेस गुळगुळीत गेल्या होत्या. ब्लेंड दुहेरी पिशवीत, सिलिकाच्या पुडीसह ठेवा, आणि ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या टिकाऊपणाच्या चाचणीत औषधाच्या टक्केवारीबरोबर गोळीचा कडकपणा आणि पहिल्या तासाचा आकडाही महिन्या-महिन्याला बघा.

पॉलिमर वाढवून-वाढवून गोळी किती मोठी होते हेही डोळ्यांपुढे असू द्या. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने जेनेरिक गोळ्यांसाठी २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनात कोणत्याही बाजूने २२ मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका असे म्हटले आहे. ५०० ला जमेल, पुढे याच फॉर्म्युल्यावर १००० करायला सांगितले की अडाल. माझी आत्या हीच गोळी घेते. घशातून उतरत नाही म्हणून ती विळीवर अर्धी करून घ्यायची. अर्धी केली की आतला उघडा भाग पाण्याला मिळतो आणि उसळी वाढते, हे तिला समजावून सांगावे लागले. त्यानंतर एकदा फोन आला की अख्खी गोळी शौचातून बाहेर पडली, औषध लागलेच नाही. तो रिकामा जेलचा सांगाडा होता, औषध केव्हाच सुटून गेलेले. असा मऊ गोळा दिसू शकतो हे माहितीपत्रकात लिहिलेले असते, पण ते वाचते कोण.

तर पुढच्या आठवड्यात चार छोट्या बॅचेस करा. गोळीचे वजन, आकार, कडकपणा, पीव्हीपी, स्टिअरेट (वंगण) सगळे जसेच्या तसे. एकूण पॉलिमर ३२० मिलिग्रॅम. पहिली: सगळे के१००एम सीआर. दुसरी: २४० के१००एम सीआर, ८० सीएमसी. तिसरी: १६० आणि १६०. चौथी: १६० के१००एम सीआर, १६० के१००एलव्ही सीआर, सीएमसी अजिबात नाही. चारही आम्ल-मग-बफर, पीएच ४.५ चा ॲसिटेट आणि नुसते बफर अशा तीन माध्यमांत. प्रत्येकीची उसळी आणि चाल काढा. पहिलीतच उसळी निम्म्यावर आली तर दोष कणांच्या आकाराचा होता. चौथीत चाल वाढली पण उसळी तशीच राहिली तर त्या फॉर्म्युल्यात थोडे सीएमसी दाण्याच्या आत द्या. दुसरीत आम्लातली आणि बफरमधली उसळी जवळजवळ सारखी आली तर ३:१ हेच तुमचे गुणोत्तर, त्याच्या आजूबाजूला ४:१ आणि २:१ करून कडा तपासा. तिसरी जिंकली तर मला आश्चर्य वाटेल. तसे झाले तर १५ मिनिटांच्या गोळीचा आणि चार तासांच्या कापाचा फोटो आकड्यांसोबत पाठवा, बघून सांगते.